साधा, मॅनेज्ड की पीओई? कारखान्यासाठी कुठला नेटवर्क स्विच?

टॉवेलवाला: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात १० कॉम्प्युटर, एक प्रिंटर. लूमशेडमध्ये ८ पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे आणि एक वायफाय ॲक्सेस पॉइंट. ऑफिस ते शेड केबल १३० मीटर लागेल. दुकानदार म्हणतो, सगळीकडे साधे अनमॅनेज्ड (सेटिंग करता न येणारे) स्विच लावा. सेटिंग करता येणाऱ्या मॅनेज्डवर जास्तीचे पैसे घालावेत का?

पॅचकॉर्ड: आधी अंतराचं बघा. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, स्विच कितीही भारी असो. फायबर ओढा, दोन्ही टोकांना एसएफपी पोर्टचा (ज्यात फायबरचं मॉड्यूल बसतं) स्विच घ्या. एकाच तंतूवर चालणारी बायडी मॉड्यूल घेतलीत तर जोडीच घ्या. एकसारखी दोन एकमेकांशी बोलत नाहीत.

शेडला पीओई लागणारी उपकरणं ९, म्हणजे १६ पोर्टचा पीओई स्विच. पण पोर्ट मोजून थांबू नका, एकूण वॉट बघा. ८०२.३एएफ या पीओई मानकात एका पोर्टला १५.४ वॉट मिळतात, ८०२.३एटीमध्ये ३०. स्वस्त स्विचमध्ये सगळ्या पोर्टना मिळून तेवढे नसतात. मग दिवसा सगळं सुरळीत, आणि अंधार पडून कॅमेऱ्यांचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले की कॅमेरे आळीपाळीने रीस्टार्ट! कॅमेऱ्याला १० आणि ॲक्सेस पॉइंटला २० वॉट धरले तर १०० होतात. १५० वॉटचा घ्या. केबल शुद्ध तांब्याचीच. मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियममध्ये लांबवर व्होल्टेज पडतं.

ट्रंकपोर्ट: दोन्ही टोकांना स्मार्ट मॅनेज्ड घ्या, पैसे वसूल होतात. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं: ऑफिस व्हीलॅन नंबर १०, कॅमेरे आणि एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) व्हीलॅन नंबर २०. फायबरच्या पोर्टवर दोन्ही टॅग्ड, म्हणजे व्हीलॅनचा नंबर लावून. कॅमेरा अडकला तर ऑफिसातूनच त्याच्या पोर्टची वीज बंद-चालू करता येते, शिडी लावायला नको. अनमॅनेज्डमध्ये कुणी एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली की ब्रॉडकास्ट फिरत राहतो आणि अख्खं नेटवर्क बसतं. मॅनेज्डमध्ये स्पॅनिंग ट्री (असं चक्र ओळखणारी सोय) असं पोर्ट अडवतो, फक्त तो चालू आहे ना ते तपासा.

टॉवेलवाला: आणि लेयर ३ (राऊटरचं कामही करणारा) स्विच?

ट्रंकपोर्ट: नको. दोन व्हीलॅनमधली ये-जा राऊटर सांभाळेल, मात्र व्हीलॅन समजणारा राऊटर हवा.

पॅचकॉर्ड: शेडच्या स्विचचं तापमान बघून घ्या. ऑफिसच्या बऱ्याच स्विचवर ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ती सहज ओलांडते. पंखेवाला असेल तर जाळीवर सुताचे तंतू बसून हवा बंद होते. म्हणून तो लूमजवळ नको, सुपरवायझरच्या केबिनमध्ये, छतापासून खाली लावा आणि दर आठवड्याला ब्लोअर मारा.