गावात काय ठरतंय ते कळायचं कसं?

टोरांटोहून, सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीची यादी आपल्या मंडळाच्या सचिवांनी पाठवलीय, ती घटकाभर बाजूला ठेवा. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. 2019 च्या पुरानंतर आम्ही तिघा-चौघांनी मिळून शाळेला बाकं दिली होती, आता अभ्यासिका करून द्यायचं मनात आहे. पण विचारायचं कुणाला?

गंमत बघा, पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं ते मला इथे बसून तासातासाला कळतं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, सगळं पाठ आहे. पण गावात ग्रामसभा झाली हे कळलं तीन आठवड्यांनी, तेही चुलतभाऊ दुसऱ्याच विषयावर बोलत होता तेव्हा. अभ्यासिकेसाठी जी जागा आमच्या डोळ्यासमोर होती तिथे गाळे बांधायचा ठराव झालाय म्हणे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी काय होतं? पन्नास सुप्रभात आणि वाढदिवसाचा एक फ्लेक्स. पंचायतीचा फोन कुणी उचलत नाही.

तात्या, तुम्ही परत जाऊन राहिलात. तुम्हीच सांगा.

तात्या, मंगळवारी

बाळा,

तुझं गाव नदीपलीकडे, माझं अलीकडे, तऱ्हा एकच. मीही 22 वर्षं तिकडून फोनच करत होतो, म्हणून तुला नावं ठेवत नाही.

नोटीस लागते रे. पंचायतीच्या भिंतीवर, लोखंडी जाळीच्या फळ्यावर, तिच्यावर पोलिओ डोसचा कागद आणि त्याच्यावर कुणाची तरी हरवलेली म्हैस. शिवाय आमच्याकडे घंटागाडीच्या भोंग्यावर पुकारतात. म्हणजे गावात जो आहे त्यालाच ऐकू येणार. चुलतभावाला सांग, आठवड्यातून एकदा त्या फळ्याचा फोटो पाठव. तेवढं केलं तरी अर्धं काम झालं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा भरतात, तेव्हा तर फोटो हवाच.

आता गाळ्यांचं. सभेची गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. आमच्याकडे ठरल्या वेळेला येतात वीस-पंचवीस. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! पुढच्या खेपेला बारा माणसं चहा पिता पिता गावाचा पुढचा सगळा आराखडा मंजूर करून मोकळी. मी स्वतः बघितलंय, हजेरीचं रजिस्टर संध्याकाळी घरोघर फिरतं आणि लोक दारातच सही करतात, मजकूर न बघता. कोण लबाड आहे असं नाही म्हणत मी. कुणी बसतच नाही, हे खरं दुखणं.

तू तिथे बसून दोन गोष्टी कर. ई-ग्रामस्वराज पोर्टल उघड, जिल्हा, तालुका, गाव निवड. आराखड्यात कुठली कामं धरलीत, पैसा कशावर गेला, ते दिसतं. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) पैशात 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. अभ्यासिका मागायची तर उरलेल्या अबंधित 40 मधून, आणि तिथे गटार, रस्ता, दिवे सगळेच रांगेत उभे असतात. हे माहीत असलं की बोलणं नेमकं होतं. दुसरं, त्या सभेचं इतिवृत्त मागव. तोंडी मागून देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये, 30 दिवस.

वहिनी, न्यू जर्सीहून, बुधवारी

तात्या, आमच्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते. आम्हाला सभेत बोलता येईल का? आणि मंडळाच्या खात्यातून पैसे सरळ गावातल्या वाचनालयाला पाठवले तर चालतील ना? खजिनदार घाई करतायत.

तात्या, बुधवारीच

वहिनी, खजिनदारांना जरा थांबवा. मंडळ परदेशातलं, म्हणजे त्याचा पैसा परकीय योगदान. ओसीआयवाल्याचा स्वतःचा पैसाही तसाच धरतात. 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली वाचनालयाची नोंदणी किंवा परवानगी नसेल तर त्यांनी तो घ्यायचाच नाही. तुमचं दान आणि त्यांच्या गळ्याला फास. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा कुणाचा पासपोर्ट कुठला, ते आधी बघा.

सभेचं म्हणाल तर सभासद कोण? ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत तो. ओसीआयला मत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना 6अ नमुना भरून विधानसभा-लोकसभेच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला विमानाने यावं लागतं. एकूण काय, तुमचं तोंड तिथे चालत नाही, गावातल्या माणसाचं चालतं. ते माणूस शोधा. पैसे पाठवण्याहून हे अवघड आहे, मान्य.

आणि एक, महिलांची वेगळी सभा आधी होते, तिला कमी लेखू नका. कडेगाव तालुक्यात मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, हे 2022 साली महिलांच्या सभेतच ठरलं.

टोरांटोहून, शुक्रवारी

तात्या, माणूस सापडलं. आमची आत्या! वय 67, गावातच मतदान, आणि गाळ्यांचं ऐकून माझ्याहून जास्त तापलीय. 15 ऑगस्टच्या आधीच्या महिला सभेला शेजारच्या चौघींना घेऊन जाणार आहे. चुलतभावाने फळ्याचा फोटोही पाठवला. म्हैस अजून सापडलेली नाही.

तात्या

म्हैस माझ्या मेव्हण्याची, सापडली. कागद काढायचा राहिलाय.

आत्याबाईंना सांग, मागणी तोंडी नको, कागदावर लिहून न्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. रजिस्टर पुढे आलं की सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला लावायचं. आणि चष्मा घरी विसरू नका म्हणावं.