प्रजाती : जीनस की स्पीशीज?

खारवारा : किनाऱ्यालगतच्या गाळातून वेगळ्या काढलेल्या एका जीवाणूवरचा शोधनिबंध मराठीत आणतेय. दावा दुहेरी आहे : स्पीशीज नवी, आणि जवळच्या स्पीशीजना सामावणारा वरचा गट, म्हणजे जीनसही नवा. मी स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' लिहिलं. संपादकांनी झाडून सगळ्या 'जाती' खोडून 'प्रजाती' केल्या. आता वाक्य झालंय, 'ही नव्या प्रजातीतील नवी प्रजाती होय.' काय करू?

जुनापुराणा : तुमचंच बरोबर. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनसच. पितामहाच्या वर प्रपितामह, तशी जातीच्या वर प्रजाती.

टिंबटिंब : मग प्रपौत्राला कुठे बसवता? शाखेची प्रशाखाही धाकटीच. 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' ही बातमी वाचून जीनस कुणाच्या डोक्यात येतो?

जुनापुराणा : चूक हजारदा छापली तरी चूकच.

टिंबटिंब : हजारदा छापली की तिला रूढी म्हणतात.

रेणुसूत्र : प्रयोगशाळेत आम्ही सरळ स्पीशीज म्हणतो. पण भेद ठेवाच. जीवाणूंची ओळख पटवायला १६एस नावाचं जनुक ताडतात. त्याचं ओळखीच्या स्पीशीजशी साम्य साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली गेलं की स्पीशीज नवी असावी असं धरतात. त्याहून जास्त असेल तर अख्खे जनुकसंच ताडून बघायचे. तिथली सीमा ९५-९६ टक्के. जीनससाठी असा सर्वमान्य आकडा नाही, वंशवृक्षावर फांदी कुठे फुटते ते बघून ठरवावं लागतं. वाद घालायला खरी जागा तिथेच, आणि तुमच्या अनुवादात नेमकी तीच बुजतेय. जीनसला 'वंश' का नको?

खारवारा : पुढे पानभर वंशवृक्ष आहे हो, गोंधळ होतो. शिवाय टाइप स्ट्रेन, म्हणजे ज्याच्यावर स्पीशीजचं नाव टेकलेलं असतं तो नमुना! 'वाण' लिहिलं की बियाण्याची पिशवी दिसते.

रेणुसूत्र : ते प्रयोगशाळेत वाढवलेलं जिवंत संवर्धन असतं. निदान दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवल्याशिवाय नव्या नावाला वैधता नाही. 'नामधारी वाण' चालेल?

जुनापुराणा : नामधारी म्हणजे नुसता नावापुरता! अर्थ उलटा होतो.

टिंबटिंब : नावांची मजा बघायची तर नामिबियाजवळच्या समुद्रतळाच्या गाळातला थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस घ्या. १९९९ साली जाहीर झाला, नुसत्या डोळ्यांना दिसतो. अर्थ काय, तर नामिबियाचा गंधकमोती. हेच लिहावं मराठीत.

जुनापुराणा : शास्त्रीय नावांचं भाषांतर करत नसतात. आणि सगळेच 'जीवाणू' लिहिताय, ते 'जिवाणू' हवं.

टिंबटिंब : जीव अधिक अणु, तत्सम समास. पहिली वेलांटी का कापता?

जुनापुराणा : मग शेवटचा 'णू' दीर्घ कसा केलात?