डोक्याला मार बसल्यावर गेम खेळलात का? अनुभव लिहा

कळफलकी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात पावसात स्कूटर घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून वाचलो. सीटी स्कॅन नॉर्मल. "कंकशन आहे (म्हणजे मेंदूला हादरा बसलाय), आराम करा" म्हणून डॉक्टरांनी घरी धाडलं. आराम म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी वेळ जाईना, पुस्तकातली अक्षरं नाचत होती, म्हणून बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार, मोबाइलवरचा लढाईचा गेम) उघडलं. विमानातून उडी मारली आणि गडी जमिनीला टेकायच्या आत मला उलटी झाली. पुढे दोन दिवस फिरत्या पंख्याकडे बघवेना.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. कोणता गेम, कितव्या दिवशी, किती वेळ, नंतर काय झालं? "मोबाइल वाईटच" हे सांगायला माझी आई घरात आहे.

साबुदाणावडा

डॉक्टर आहे म्हणून आधी हे. उलट्या परत परत होत असतील, डोकेदुखी वाढत चालली असेल, झापड येत असेल, बोलणं अडखळत असेल, तर धागा वाचत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा. आता चालू द्या.

निगडीकर

माझ्या १४ वर्षांच्या लेकाला क्रिकेटच्या नेटमध्ये बाउन्सर हेल्मेटवर बसला. मी तीन आठवडे पडदे ओढून ठेवले आणि घरातली प्रत्येक स्क्रीन बंद. पहिल्या आठवड्यात तो चिडचिडा झाला, दुसऱ्यात रडका, तिसऱ्यात गप्प. न्यूरॉलॉजिस्टना हे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या १२५ जणांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. पहिले ४८ तास ज्यांना स्क्रीनपासून लांब ठेवलं त्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत ओसरला, बाकीच्यांना आठ दिवस लागले. "दोन दिवस कडक पाळायचं होतं. तीन आठवडे कुणी सांगितले?" कुणीच नाही हो, माझ्याच भित्र्या जिवाने.

मग कॅरम, मग टॅबवर दहा मिनिटं बुद्धिबळ. क्रिकेट सर्वांत शेवटी. त्यावरून भांडला, पण २०१९ मध्ये लॉर्ड्सवर चेंडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला आणि स्मिथ पुढच्या कसोटीलाही बसून होता, हे त्याला आधीच पाठ. त्यामुळे गप्प बसला.

कोपरारक्षक

मी लपवलं. कबड्डीच्या सरावात चढाईपटूचा गुडघा कानशिलावर बसला, निवड चाचणी तोंडावर होती, प्रशिक्षकांना बोललो नाही. रात्री होस्टेलवर पोरांबरोबर दोन-तीन तास मोबाइल. खेळताना काही दुखत नसायचं, तेच फसवं. सकाळी डोकं असं जड, की दात घासताना भिंतीला हात टेकावा लागे. तिसऱ्या आठवड्यात मी चढाईला गेलो तर "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता शब्दच हरवला. दम होता, शब्द नव्हता. घाबरून त्याच दिवशी सांगून टाकलं. चाचणी हुकली, मैदानावर यायला आठ आठवडे गेले. गेममुळे किती आणि लपवल्यामुळे किती, आता कोण मोजणार.

बर्फातला बंड्या

मिनेसोटा, अमेरिका. काळ्या बर्फावरून (रस्त्यावरचा न दिसणारा पातळ थर) पाय घसरला. इथे तोल सांभाळायचे व्यायाम देणारी थेरपिस्ट मिळाली, तिने कारण समजावलं. डोळे म्हणतात पळतोय, आतला कान म्हणतो खुर्चीत बसलाय. मार बसलेल्या मेंदूला हा तंटा सोडवता येत नाही. म्हणून पात्राच्या नजरेतून किंवा पाठीमागून दिसणारे गेम पहिल्यांदा लोळवतात. धागाकर्त्याची उडी त्यातलीच. मला माइनक्राफ्ट पाच मिनिटांत मळमळवायचं, टेट्रिस मात्र वीस मिनिटं चालायचं. मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर होणं) आणि कॅमेरा हलणं सेटिंगमधून बंद, ब्राइटनेस निम्मा, आवाज जवळपास शून्य, मोबाइलऐवजी लांबचा टीव्ही.

तिचा हिशोब असा: त्रासाला दहापैकी गुण द्यायचे. खेळताना दोनपेक्षा जास्त चढले की बंद. तासाभरात खाली आले नाहीत, तर उद्या निम्मा वेळ. बायको कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी माझे गुण मोजायची.

सुलभाआजी

आमचा गेम सॉलिटेअर. वरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं आणि उठताना खाडकन लागलं. बदाम आणि चौकट सारखेच दिसायला लागले की ठेवून द्यायचं. दुसरं मोजमाप मला लागलं नाही.

वाचनमात्र

आजी, कपाटावरून आठवलं. जेन मॅकगोनिगल ही अमेरिकन गेम डिझायनर २००९ मध्ये अशाच कपाटाच्या दारावर आपटली. वाचन, लेखन, व्हिडिओ गेम, सगळ्याला मनाई. जगणं नको वाटायला लागलं, तेव्हा तिने दुखण्याचाच गेम केला. भगभगीत उजेड आणि गर्दी हे शत्रू, कुत्र्याला पाच मिनिटं कुशीत घेणं ही शक्ती, जुळी बहीण पहिली साथीदार. स्क्रीनची गरजच नाही. मी पाठीच्या दुखण्यात करून बघितला, चार दिवस टिकला. माझ्याकडे कुत्रा नाही हे एक कारण.

कळफलकी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. उलटी एकदाच झाली होती, तरी साबुदाणावडा यांचं वाचून परत दाखवून आलो, ठीक आहे. आज ३१वा दिवस. बुद्धिबळ २५ मिनिटं, गुण एकाने चढले, चहा होईपर्यंत उतरले. बीजीएमआय काढून टाकलं नाही, फक्त आईच्या फोनवर हलवलंय. तिथे ती हात लावू देत नाही.