केवळ हॉल इफेक्ट पाहून कंट्रोलर घेऊ नये
निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलसाठी दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर घेताना हॉल इफेक्टच्या, म्हणजे चुंबकाच्या मदतीने हालचाल ओळखणाऱ्या, स्टिक असल्या की पुरे, असे काही जण म्हणतात; ते मत मला अर्धेच पटते. चुंबकामुळे घासणारा भाग राहत नाही आणि स्टिक आपोआप सरकण्याचा त्रास बराच टळतो, हे खरे. सोलापुरात यंत्रमागाशेजारच्या आमच्या घरात सुताची धूळ सगळीकडे शिरते, तिथे तर त्याचे मोल अधिकच. पण मी घेतलेल्या स्वस्त कंट्रोलरमध्ये जायरो, म्हणजे कंट्रोलर कसा वळवला हे ओळखणारा सेन्सरच नव्हता, त्यामुळे ‘स्प्लॅटून’ या नेमबाजीच्या खेळात हात वळवून नेम धरणे अशक्य झाले, आणि स्लीपमध्ये गेलेला स्विच होम बटणाने जागा होत नसल्याने दर वेळी उठून टीव्हीजवळच्या डॉकपर्यंत, म्हणजे स्विच ठेवायच्या स्टँडपर्यंत, जावे लागले.

अॅनालॉग ट्रिगरसाठी, म्हणजे किती दाबले हेही मोजणाऱ्या मागच्या बटणांसाठी, मात्र जादा पैसे मोजू नयेत, कारण अशा कंट्रोलरचा ट्रिगर दाबला की सोडला एवढेच स्विचला कळते.