मदत हवी आहे: महापालिकेचे ग्रीन बाँड विकायचे कसे?

नमस्कार मंडळी. आमच्या आत्यानं फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी काढलेले कर्जरोखे) घेतले होते. तेच, नर्मदाकाठच्या जलूद गावच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे काढलेले, ८.२५ टक्क्यांचे. नर्मदेचं पाणी तिथून चढवून इंदूरला आणायचं म्हणजे पंपांचं वीजबिल अफाट. ते वाचवून कर्ज फेडायचं, हा हिशेब मला तरी पटलेला. सहामाही व्याजही वेळेवर येतंय.

आता तिला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत. गोम अशी, की हजाराच्या एका बाँडचे अडीचशेचे चार तुकडे आहेत, ३, ५, ७ आणि ९ वर्षांच्या मुदतीचे. पहिल्याचे पैसे आले. उरलेले डीमॅटमध्ये वेगवेगळे दिसतात. एनएसई या शेअर बाजारावर विकायला लावले तर गिऱ्हाईकच नाही! ब्रोकरकडचा पोरगा सरळ म्हणतो, "भाव पाडा." अहो, पण किती?

कुणी हे विकले असतील तर काय भाव मिळाला? व्याजाच्या तारखेआधी विकले तर साचलेलं व्याज भावातच धरतात ना? आणि २०२८ ला सुटणारा तुकडा ठेवून ९ वर्षांचा आधी काढावा, असं माझं मत आहे, चुकतंय का? हे तारण ठेवून कर्ज देणारी एखादी बँक माहीत असेल तर फारच उत्तम.

व्याज करपात्र आहे हे ठाऊक आहे, त्यावर प्रवचन नको. आत्याला फोन करू नका, ती उगाच घाबरते, इथंच लिहा.