'सगळं व्हायटॅलिटीत ओता' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

फ्रेममोज्या:
परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "डायब्लो २ मध्ये ब्लॉक आणि हिट रिकव्हरी म्हणजे निव्वळ टाइमपास. सगळे पॉइंट व्हायटॅलिटीत ओता आणि विसरा." खाली सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. त्यांच्यासाठी हे लांबण. (ब्लॉक म्हणजे ढालीने वार अडवणं, हिट रिकव्हरी म्हणजे दणका बसल्यावर सावरणं, व्हायटॅलिटी म्हणजे लाइफ वाढवणारा गुण.)

गेम सेकंदाला २५ फ्रेमने चालतो. सॉर्सरेसकडे, म्हणजे जादूगारणीकडे, एफएचआर (सावरण्याचा वेग वाढवणारी टक्केवारी) शून्य असेल तर एक जोरदार दणका बसला की ती १५ फ्रेम कळवळत उभी. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. तेवढ्यात पुढचा दणका बसला की पुन्हा तेच. टेलिपोर्टचं बटण बोट दुखेपर्यंत दाबा, बाई जागची हलत नाही. बाल या राक्षसाच्या थ्रोन रूममध्ये त्याच्या लिस्टर नावाच्या सरदाराच्या टोळीने घेरल्यावर हजार लाइफ कसं संपतं ते ज्याने पाहिलंय, तो 'ओता आणि विसरा' म्हणायला धजणार नाही.

रून बसवून बनवलेल्या स्पिरिट ढालीवर ५५ टक्के एफएचआर फुकटात मिळतो. सोबत ५ टक्क्यांचा एक छोटा चार्म (नुसता सोबत बाळगायचा ताईत) ठेवा. एफएचआर ठरलेल्या टप्प्यांवरच लागू होतो, आणि ६० हा एक टप्पा. ६० झाले, १५ चे ८ फ्रेम. इन्व्हेंटरीतला एक चौकोन जातो फक्त. तेवढाही जड होतोय?

ओता_आणि_विसरा:
तो 'एकाने' म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका.

हिशेब अर्धाच मांडलात. दणका कमाल लाइफच्या बाराव्या हिश्श्याएवढा असेल तरच ती कळवळते. लाइफ १२०० असेल तर शंभराच्या आतला मार खाऊनही ती टेलिपोर्ट करत राहते. म्हणजे व्हायटॅलिटी हीच माझी हिट रिकव्हरी.

ब्लॉकचं तर बोलूच नका. ढालीवर ६० टक्के ब्लॉक आहे, लेव्हल ९० आहे, तर प्रत्यक्षात ७५ टक्क्यांसाठी डेक्स्टेरिटी (चपळाई) लागते २४०. सॉर्सरेस सुरुवात करते २५ वर. मधले २१५ व्हायटॅलिटीत टाकले तर ४३० लाइफ, तेही लाइफ वाढवणाऱ्या बॅटल ऑर्डर्सशिवाय. वर लेव्हल वाढली की ब्लॉक घसरतो, तो सावरायला दर लेव्हलच्या ५ पॉइंटमधले अडीच पुन्हा डेक्समध्येच.

आणि स्पिरिट 'फुकटात'? ती ज्या मोनार्क ढालीत बनवतात तिला १५६ स्ट्रेंग्थ लागते. ती कोण भरणार, तुमचे तीर्थरूप?

फ्रेममोज्या:
तीर्थरूपांना मध्ये आणू नका. तुमच्या मागच्या धाग्यातल्या स्क्रीनशॉटमध्ये तुमच्याच सॉर्सरेसच्या हातात मोनार्क आहे. म्हणजे १५६ भरलेत. चार्म तेवढा नाही.

ढालगज:
दोघंही सॉर्सरेसच्या पलीकडे बघणार आहात का? पॅलाडिनने होली शील्ड (त्याचं ढालीचं कौशल्य) लावला की ब्लॉक २ फ्रेममध्ये आटपतो. सॉर्सरेसला, ढालीवर एफबीआर (ब्लॉक लवकर आटपवणारी टक्केवारी) नसेल तर, ९ लागतात. म्हणजे तिचा वार अडला तरी ती अडवण्यातच अडकते. ब्लॉक 'चांगला की वाईट' हा प्रश्नच बावळट आहे, कोणाचा ब्लॉक ते आधी सांगा.

आणि एक. तुम्ही सगळे सतत पळत असता. पळताना ब्लॉक एक तृतीयांश होतो, ७५ चे २५. मग रडता की ढाल चालत नाही. घोळक्यात शिरताना चाला की राव! पण नाही, सगळ्यांना बस पकडायची असते.

हार्डकोअर_हरी:
एफएचआर झूट, ब्लॉक झूट. माणूस मरतो तो लॅगने. माझी ८८ लेव्हलची हार्डकोअर (मेली की कायमची गेली) सॉर्सरेस, मॅक्स ब्लॉक, ८ फ्रेम, सगळं जिथल्या तिथे. वर्ल्डस्टोन कीपमध्ये स्क्रीन गोठली, परत आली तेव्हा बाई आडवी. कस्टमर केअरवाला म्हणतो, राउटर बंद करून चालू करा. कुठल्या तक्त्यात बसतं हे?

फ्रेममोज्या:
कीपमध्ये कोणी मारलं? सोल्स नावाच्या भुतांनी ना? त्यांच्या विजेसमोर ढाल काय करणार, ब्लॉक चालतो तो अंगावरच्या वाराला आणि बाणाला. लॅग कशाला हवा, ते तसेही मारतातच. मी ऑफलाइन हार्डकोअर खेळतो, तिथे लॅग नाही, तरी सोल्सना टरकून असतो.

हार्डकोअर_हरी:
ऑफलाइन हार्डकोअर! सेव्ह फाइलचा बॅकअप ठेवत असशील ना? मेली की कॉपी-पेस्ट.

फ्रेममोज्या:
तोंड सांभाळून. एकही बॅकअप नाही.

हार्डकोअर_हरी:
पुरावा?

ढालगज:
नसलेल्या फाइलचा पुरावा कसा देतात बुवा?

लोडशेडिंग_ग्रस्त:
हरीच्या बाजूने. आमच्याकडे दिवे जातात, इन्व्हर्टरवर राउटर टाकायला घरचे तयार नाहीत, त्यांना पंखा हवा. दोन बायका गेल्या माझ्या अशा. (गेममधल्या.) बॅकअपवाल्यांनी आम्हाला फ्रेम शिकवू नयेत.

फ्रेममोज्या:
बॅकअपवाला कोणाला म्हणतोस? कोणी काही फेकलं की लगेच खरं?

नवखा_नेक्रो:
भांडण चालू द्या, पण माझं गाऱ्हाणं ऐका. हे टप्पे गेमने स्वतः का सांगू नयेत? सॉर्सरेसचा ६० नंतरचा टप्पा थेट ८६. मधे ६१ पासून ८५ पर्यंत काही घाला, शून्य फायदा. पण आयटमवर हिरीरीने लिहिणार, 'हिट रिकव्हरी जलद'. २००० सालच्या गेमला माफ केलं. २०२१ ला त्याचीच नवी आवृत्ती रिसरेक्टेड काढताना ग्राफिक्स एवढे चकाचक केले, तेव्हा दोन ओळी लिहायला काय झालं होतं?

ओता_आणि_विसरा:
हे शंभर टक्के पटलं. इथल्या दीडशहाण्यांचं दुकान बंद झालं असतं.

बाय द वे, चार्म ठेवलाय. टाकून द्यायचा होता, जागा रिकामी होती म्हणून राहिला. काल लिस्टरच्या टोळीतून बाहेर पडले. चार्ममुळेच असं मी मुळीच म्हणत नाही. डेक्स २५ च राहणार.

फ्रेममोज्या:
मुळीच म्हणू नका. ८ फ्रेमही मुळीच मोजू नका.

हार्डकोअर_हरी:
विषय बदलू नका. सेव्ह फोल्डरचा स्क्रीनशॉट टाक.