मदत हवी आहे: लंडनला जातोय, आधी घर की आधी शाळा?

नवऱ्याची बदली झालीये, जानेवारीत निघायचंय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६. उपनगरात ऐसपैस राहायची सवय आहे, पण तिथे दोन बेडरूम मिळाल्या तरी पुरे.

घोडं अडलंय शाळेपाशी. वर्षाच्या मध्येच सरकारी प्रायमरीत प्रवेश हवा तर पत्ता लागतो. पत्त्यासाठी भाडेकरार हवा, आणि एजंट म्हणतो, तिथली क्रेडिट हिस्टरी नाही, मग गॅरंटर आणा. (तिथे आमच्या ओळखीचं काळं कुत्रंही नाही!) पाच आठवड्यांचं डिपॉझिट भरायची तयारी आहे.

एका कौन्सिलला (तिथल्या स्थानिक पालिकेला) मेल केला, उत्तर आलं, "पोचल्यावर अर्ज करा." जागा कमी पडल्या की बऱ्याच शाळा घरापासूनचं अंतर बघतात, म्हणून रोज रात्री नकाशावर पट्टी ठेवून बसते. त्यात धाकटीच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा.

ऑफिस कॅनरी वॉर्फला, प्रवास पाऊण तासापर्यंत चालेल. खाजगी शाळा परवडणार नाही. कंपनी पहिला महिना सर्व्हिस अपार्टमेंट देणार आहे.

त्या तात्पुरत्या पत्त्यावर शाळेचा अर्ज कुणी केलाय का, की पक्का करार होईपर्यंत थांबावं? आणि दोघांना वेगळ्या शाळा मिळाल्या तर सकाळी सोडायचं कसं जमवलंत?